पिंगला उत्तर येतं, साइट मात्र उघडत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. लिनक्स सर्व्हर आहे आणि तुमच्या हातात फक्त एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची वाट, आहे. त्यावर ८०८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनच्या अनेक दारांपैकी एकाचा क्रमांक) तुमचं अ‍ॅप चालतं. सर्व्हरवर लॉगिन करून लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनला, कर्ल (टर्मिनलवरून पान मागवणारी कमांड) मारलं की पान येतं. घरच्या लॅपटॉपवरून पिंग केलं की उत्तर येतं. ब्राउझरमध्ये मात्र काही उघडत नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलाय, सर्व्हिस तीनदा रीस्टार्ट केली, मग वैतागून अख्खा सर्व्हर रीबूट केला, तरी जैसे थे. आणि शेवटी तुम्ही म्हणता, 'अशा वेळी लागणाऱ्या पंधरा-वीस कमांडची यादी द्या, पाठच करून टाकतो.'

यादी दोन मिनिटांत देता येईल, पण पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा इथेच अडकाल. तुम्ही चालवलेल्या सगळ्या कमांड खरंच बोलल्या. घोटाळा झाला तो त्यांच्या उत्तरातून तुम्ही काढलेल्या अर्थात. प्रत्येक कमांड एकाच प्रश्नाचं उत्तर देते, आणि तेही तुम्ही जिथे उभे आहात तिथून दिसेल तेवढंच. हे डोक्यात बसलं की सात-आठ कमांडवर वर्षानुवर्षं काम चालतं. माझं चाललंय.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करा.)

पिंगपासून सुरुवात करू. माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. सोनार जेवढं सांगतं तेवढंच पिंग सांगतं: समोर काहीतरी आहे. तो आयसीएमपी हा नेटवर्कचे निरोप पोचवणारा प्रोटोकॉल वापरतो आणि आयसीएमपीमध्ये पोर्ट ही भानगडच नसते. त्यामुळे ८०८० उघडा आहे की बंद, याबद्दल पिंगला काडीचीही माहिती नाही. आणखी एक गंमत म्हणजे सर्व्हर नॅटच्या, म्हणजे अनेक मशीन एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात त्या व्यवस्थेच्या, मागे असेल तर उत्तर देणारा तुमचा सर्व्हर नसून त्याच्या पुढ्यातला राउटरही असू शकतो. उलटही खरं. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून मशीन मेलं असं होत नाही, कित्येक ठिकाणी आयसीएमपी मुद्दाम अडवलेला असतो.

सर्व्हिस चालू आहे का ते सांगणाऱ्या सिस्टिमसीटीएल स्टेटसचं हिरवं 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग' बघूनही असंच फसायला होतं. प्रोसेस जिवंत आहे एवढाच त्याचा अर्थ. ती कुठल्या पत्त्यावर कान देऊन बसलीय, बसलीय की नाही, हे सर्व्हिस सांभाळणारं सिस्टिमडी बघत नाही. आणि लोकलहोस्टवरचं कर्ल? ते पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंत पोचतच नाही. लूपबॅकवरून, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या आतल्या वाटेवरून, जातं नि परत येतं. घरातल्या घरात बेल वाजते, एवढंच कळलं.

आता तुम्ही प्रश्नात न लिहिलेली, आणि मी सगळ्यात आधी विचारली असती ती गोष्ट: 'उघडत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? लगेच नकार येतो, की बराच वेळ गोल फिरत राहतं? ब्राउझर दोन्हींना एकाच तोंडवळ्याचं पान दाखवतो, म्हणून लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि कर्ल -व्ही लावून सर्व्हरचा पत्ता नि पोर्ट द्या. सोबत कनेक्ट-टाइमआउट पाच सेकंदांचा ठेवा, नाहीतर लिनक्सवर दोन-दोन मिनिटं ताटकळत बसाल.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर खूश व्हा. तुमचं पॅकेट सर्व्हरपर्यंत गेलं, तिथल्या कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, बघितलं आणि 'या पोर्टवर कोणी नाही' म्हणून रीसेट, म्हणजे नकाराचं पॅकेट, पाठवला. रस्ता ठीक आहे, दारात माणूस नाही. (फायरवॉलही रीसेट पाठवू शकते, पण तसं मुद्दाम ठरवावं लागतं.) 'टाइमआउट' आला तर कुणीतरी पॅकेट गुपचूप गिळतंय, किंवा उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय. तिसरा प्रकार 'नो राउट टू होस्ट'. हे वाचून लोक राउटिंग टेबल उकरायला बसतात. मीही पूर्वी बसायचो. पण फायरवॉलडी ही फायरवॉल सांभाळणारी सर्व्हिस असलेल्या मशीनवर बहुतेक वेळा तो फायरवॉलचाच नकार असतो, आयसीएमपीच्या भाषेत दिलेला. शेजारचा उघडा पोर्ट, म्हणजे तुमचा एसएसएचचा २२, त्याच मशीनवरून चालतोय ना? मग राउट आहेच.

माझा अंदाज, तुमच्याकडे 'रिफ्यूज्ड' येत असणार. तो कसा पडताळायचा ते सांगतो. सर्व्हरवर सुडो एसएस -टीएलएनपी चालवा. टी म्हणजे टीसीपी, एल म्हणजे ऐकत बसलेले सॉकेट (कनेक्शनची टोकं), एन म्हणजे नावांऐवजी आकडे, पी म्हणजे प्रोसेस. सुडो यासाठी की दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव त्याशिवाय दिसत नाही. तुमच्या अ‍ॅपची ओळ साधारण अशी दिसेल:

लिसन ० ५११ १२७.०.०.१:८०८० ०.०.०.०:*

या ओळीपाशी जरा थांबा, कारण इथे भलेभले चुकतात. उजवीकडचं शून्य-शून्य बघून 'अरे, हे तर सगळ्या पत्त्यांवर ऐकतंय' म्हणून पुढे जातात. तो पलीकडच्या बाजूचा रकाना आहे, ऐकणाऱ्या सॉकेटला पलीकडे अजून कोणी नसतं म्हणून तिथे नेहमीच तसं दिसतं. बघायचा तो त्याच्या डावीकडचा, लोकल पत्त्याचा रकाना. तिथे १२७.०.०.१ असेल तर अ‍ॅप फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्यांशी बोलेल, बाहेरच्याला कर्नल परस्पर वाटेला लावेल. तिथे ०.०.०.० असेल तर सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर. नुसती चांदणी असेल तर आयपीव्ही६वर आणि आयपीव्ही४वरही; चौकटी कंसात दोन विसर्ग असतील तर नव्या एसएसमध्ये सहसा फक्त आयपीव्ही६वर.

कित्येक फ्रेमवर्कचे डेव्हलपमेंट सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये लूपबॅकवरच बसतात, आणि ते बरोबरच आहे. लॅपटॉपवर लिहिलेलं अर्धवट अ‍ॅप शेजारच्यानं उघडू नये. तेच सेटिंग तसंच सर्व्हरवर गेलं की तुमच्यासारखं होतं. रीस्टार्ट आणि रीबूटनं काही बदललं नाही याचं कारणही हेच. अ‍ॅप प्रत्येक वेळी इमानेइतबारे त्याच पत्त्यावर येऊन बसत होतं.

ओळीतल्या पहिल्या दोन आकड्यांचाही अर्थ सांगून टाकतो, फारसं कोणी सांगत नाही. ऐकणाऱ्या सॉकेटसाठी पहिला आकडा म्हणजे हँडशेक, म्हणजे कनेक्शन जुळवायची सुरुवातीची देवाणघेवाण, पूर्ण होऊन अ‍ॅपनं उचलायची वाट बघत रांगेत उभी असलेली कनेक्शन, दुसरा म्हणजे रांगेची कमाल लांबी. पहिला शून्याच्या आसपास असावा. तो दुसऱ्याला जाऊन भिडला असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका, तुमचं अ‍ॅप आतल्या आत अडकलंय.

उपाय दोन. अ‍ॅपला ०.०.०.० वर बसवायचं, किंवा अ‍ॅप लूपबॅकवरच ठेवून पुढ्यात एन्जिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी उभा करायचा, जो ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर बाहेरच्यांशी बोलेल. तपासणीपुरता पहिला चालेल, कायमसाठी मी दुसराच करतो. टीएलएसचं एन्क्रिप्शन, लॉग, मर्यादा हे सगळं एका जागी राहतं, आणि उद्या कुणी फायरवॉल चुकून उघडी टाकली तरी अ‍ॅप चव्हाट्यावर येत नाही.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या, बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर दोन गोष्टी वेगळ्या. कंटेनरच्या आतला १२७.०.०.१ हा कंटेनरचा स्वतःचा असतो, त्यामुळे आत अ‍ॅप ०.०.०.० वरच हवं. आणि डॉकरनं पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबुंटूवरच्या सोप्या फायरवॉलच्या, नेहमीच्या नियमांना बगल देऊन बाहेर उघडतो, कारण डॉकर पॅकेटचा पत्ताच बदलतो आणि ते दुसऱ्या साखळीतून, म्हणजे फायरवॉलच्या नियमांच्या दुसऱ्या यादीतून, जातं. यूएफडब्ल्यूत 'डिनाय' दिसतोय म्हणून डेटाबेस सुरक्षित आहे असं समजून बसलेले लोक मी पाहिलेत. पब्लिश करताना पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की तो प्रश्न मिटतो.

समजा माझा अंदाज चुकला. लोकल पत्ता ०.०.०.० आहे आणि बाहेरून टाइमआउट येतोय. मग तर्क बंद, टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड, चालू. सर्व्हरवर सुडो टीसीपीडम्प -एनआय एनी टीसीपी पोर्ट ८०८० लावून ठेवा आणि लॅपटॉपवरून पुन्हा कर्ल मारा. पोर्टचा फिल्टर विसरू नका. न लावता चालवलंत तर तो तुमचंच एसएसएच पकडतो, ते छापायला आणखी एसएसएचची पॅकेट जातात, तीही पकडतो, आणि स्क्रीन धबधब्यासारखा वाहू लागतो.

टीसीपीडम्पची एक खुबी इथे फार उपयोगी पडते: येणारं पॅकेट त्याला सर्व्हरच्या फायरवॉलच्या आधी दिसतं. त्यामुळे तीनच शक्यता उरतात. काहीच उमटलं नाही तर पॅकेट मशीनपर्यंत आलंच नाही. क्लाउडवर असाल तर कन्सोलमधला सिक्युरिटी ग्रुप बघा, घरी असाल तर राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग बघा. सर्व्हरच्या आतली फायरवॉल आणि क्लाउडची फायरवॉल ही दोन वेगळी दारं आहेत, एक उघडल्यानं दुसरं उघडत नाही. दुसरी शक्यता: चौकटी कंसात एस, म्हणजे सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट), येतोय, थोड्या वेळानं तोच पुन्हा येतोय, आणि तुमच्याकडून उत्तर जात नाही. मग पॅकेट सर्व्हरच्या आत गिळलं जातंय, आतलीच फायरवॉल बघा. एनएफटी लिस्ट रूलसेट किंवा आयपीटेबल्स -एल -एन -व्ही चालवा. दुसरीत डावीकडे पॅकेटचे आकडे असतात. कर्ल मारताना कुठल्या ओळीचा आकडा वाढतो ते बघितलं की गुन्हेगार हाताला लागतो. तिसरी शक्यता: एस आला, एस आणि टिंब, म्हणजे सिन-अ‍ॅक, बाहेर गेला, तरी पलीकडून पुन्हा एसच येतोय. उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं किंवा व्हीपीएन असेल तर हे सर्रास होतं. आयपी राउट गेट आणि पुढे लॅपटॉपचा सार्वजनिक पत्ता दिलात की कर्नल उत्तर कुठल्या इंटरफेसनं पाठवणार ते सरळ सांगतो. ज्या दारानं पाहुणा आला त्याच दारानं उत्तर जातंय का, एवढंच पडताळायचं.

याच घराण्यातला आणखी एक आजार ओळखून ठेवा. हँडशेक होतो, छोटी उत्तरं येतात, मोठं काही आलं की गोठतं. एसएसएच -व्ही की-एक्स्चेंजपाशी अडकून बसतं. असं दिसलं की मी एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या बाइटमधल्या कमाल आकारावर, संशय घेतो. इथरनेटचा एमटीयू १५००, व्हीपीएनसारख्या बोगद्यांचा त्याहून कमी, वायरगार्ड या व्हीपीएनचा सहसा १४२०. पिंग -एम डू -एस १४७२ मारून बघा. १४७२ अधिक आयसीएमपीचे ८ अधिक आयपीचे २० मिळून बरोबर १५००. हे जात नसेल आणि आकडा कमी केल्यावर जात असेल, तर वाटेत कुठेतरी अरुंद बोगदा आहे आणि त्याबद्दल कळवणारा आयसीएमपी कुणीतरी 'सुरक्षेसाठी' अडवलाय.

डीएनएसबद्दल, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याबद्दल, थोडक्यात. डिग थेट नेमसर्व्हरला विचारतो, होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) बघतच नाही. तुमचं अ‍ॅप मात्र ती फाइल बघतं. म्हणून डिगचं उत्तर बरोबर आणि अ‍ॅप भलत्याच मशीनशी बोलतंय असं झालं तर गेटएंट होस्ट्स आणि पुढे ते नाव देऊन चालवा, अ‍ॅपला जे दिसतं ते त्यात दिसेल. आणि डोमेनला आयपीव्ही६चा पत्ता लावलेला असेल पण फायरवॉल फक्त आयपीव्ही४ला उघडली असेल, तर साइट काहींना दिसते नि काहींना नाही. कर्लला एकदा -४ आणि एकदा -६ लावून बघा.

जुन्या लेखांत इफकॉन्फिग आणि नेटस्टॅट दिसतील. नव्या वितरणांत ती अनेकदा नसतातच. त्यांच्या जागी आयपी आणि एसएस या कमांड शिका. इफकॉन्फिग एका कार्डावरचे जादा पत्ते कधीकधी दाखवतही नाही, आणि न दिसणाऱ्या पत्त्यानं मी एक अख्खी दुपार घालवलेली आहे.

आता रीस्टार्टबद्दल. मला तुमच्या प्रश्नात खटकलं ते हेच. रीबूट केलात की पुरावा गेला: सॉकेटची स्थिती गेली, प्रोसेसची मेमरी गेली, आणि जर्नल डिस्कवर ठेवलं नसेल तर लॉगही गेले. हात लावायच्या आधी अर्धं मिनिट द्या. एसएसचं आउटपुट, जर्नलसीटीएल -यू नंतर सर्व्हिसचं नाव आणि -ई, डीमेसेजच्या शेवटच्या ओळी, फ्री -एच, डीएफ -एच आणि डीएफ -आय, एवढं टिपून ठेवा. शेवटचं लोक विसरतात. डिस्कवर जागा भरपूर, पण लाखो चिमुकल्या फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले, की 'जागा नाही' म्हणून अ‍ॅप रडतं आणि डीएफ -एच निर्विकारपणे निम्मी डिस्क रिकामी दाखवतं. याच्या उलट, मोठा लॉग डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, कारण कुठल्यातरी प्रोसेसनं ती फाइल अजून उघडी धरलेली असते. एलएसओएफ +एल१ त्या प्रोसेसचं नाव सांगतं.

आणि तुम्ही दूरच्या सर्व्हरच्या फायरवॉलशी खेळताय म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीच्या काळात एकदा मी नियमांचा गुंता झाला म्हणून आयपीटेबल्स -एफ मारलं. 'सगळे नियम पुसले म्हणजे सगळं उघडं', असा हिशोब. एफ नियम पुसतो, पण साखळीचं मूळ धोरण तसंच ठेवतो, आणि ते मीच आदल्या दिवशी 'ड्रॉप' करून ठेवलं होतं. २२ ला परवानगी देणारा नियम पुसला गेला, ड्रॉप उरला. एंटर दाबलं आणि कर्सर जागच्या जागी थिजला. मध्यरात्री दुसऱ्या कुणाला तरी उठवून मशीनच्या कन्सोलवर पाठवावं लागलं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा. दूरच्या मशीनवर नेटवर्क किंवा फायरवॉल बदलताना दुसरं एसएसएच सेशन उघडून ठेवायचं, आणि बदल झाल्यावर नवीन, तिसरं सेशन उघडून बघायचं. जुनं सेशन चालू राहिलं यावरून काहीच सिद्ध होत नाही, बहुतेक फायरवॉली आधीच जुळलेल्या कनेक्शनला जाऊ देतात. एसएसएचची फाइल बदलली तर रीलोडच्या आधी एसएसएचडी -टी नं ती तपासायची. नियम फक्त मेमरीत बदलत असेन तर आधी शटडाउन -आर +१० लावतो. दहा मिनिटांत मी बाहेर अडकलो नसेन तर शटडाउन -सी नं रद्द करतो, अडकलोच तर मशीन रीबूट होऊन जुने नियम परत येतात. बदल फाइलमध्ये लिहून टाकला असेल तर मात्र ही युक्ती कुचकामी. उबुंटूवर नेटप्लॅन ट्राय हेच काम करतं, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर मागे फिरतं. आणि लांबलचक काम असेल तर टीमक्समध्ये, म्हणजे घरचं इंटरनेट गेलं तरी अपडेट अर्ध्यावर तुटत नाही.

तुमचं वितरण कोणतं, सर्व्हर क्लाउडवर की तुमच्याकडे, डॉकर आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि वरचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. तर आता रीस्टार्ट न करता तीन गोष्टी करा: लॅपटॉपवरून कर्ल -व्ही, सर्व्हरवर सुडो एसएस -टीएलएनपी, आणि टाइमआउट येत असेल तरच कर्ल चालू असतानाचं दहा सेकंदांचं टीसीपीडम्प. तिन्ही आउटपुट जसंच्या तसं चिकटवा. सार्वजनिक पत्ता झाकलात तरी चालेल, पण लोकल पत्त्याचा रकाना झाकू नका. उत्तर बहुधा तिथेच आहे.